बाबांचं १९७४ चं बचत खातं आणि आमच्या गावातली बँकेची शाखा – अकरा फेऱ्यांनंतरचा रिव्ह्यू

बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. जे चुकलं ते एका शाखेत चुकलं आणि जे चांगलं झालं ते पण त्याच शाखेतल्या दोन माणसांमुळे झालं, उगाच सगळ्या बँकेवर शिक्का नको. तालुक्याचं गाव, सरकारी बँक, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, एवढं पुरे. बाबा गेल्यावर त्यांची खाती आईच्या नावावर करायला मी साडेतीन महिन्यांत अकरा वेळा तिथे गेले. त्याआधी लहानपणी बाबांचं बोट धरून किती वेळा गेले असेन त्याचा हिशोबच नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांब होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

बाबांच्या लोखंडी ट्रंकेत पासबुकांचा गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला, तेवीस पासबुकं. सगळ्यात खालचं १९७४ चं. पहिली नोंद जमा पाच रुपये, निळ्या शाईत हाताने लिहिलेली, शेजारी क्लार्कची बारीक सही. बाबा तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतेच लागले होते. दुसरी नोंद पंधरा रुपये, तिसरी दहा, मग एकदम "नावे ४०", म्हणजे काढलेले, आणि आई म्हणाली ते आत्याच्या बाळंतपणाचे. अशी पानंच्या पानं आहेत, आणि आईला जवळजवळ प्रत्येक मोठ्या नोंदीमागचं कारण आठवतंय. शिलाई मशीन, माझी दहावीची फी, दादाचं इंजिनिअरिंग, विहिरीचं खोलीकरण. आमच्या घराचा इतिहास कुठे लिहिलेला असेल तर तो या तेवीस पासबुकांत आहे.

एक गोष्ट मात्र मला आधी कळेना. जवळजवळ सगळ्या भरण्याच्या तारखा ७, ८, ९, १० अशाच, एकही १२ नाही की १५ नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली अगं दहा तारखेच्या आत भरायलाच लागायचे, नाहीतर त्या महिन्याचं व्याज गेलं! मग डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर नसायचं. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात सगळ्यात कमी रक्कम जेवढी असेल तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणजे पाचशे रुपये पूर्ण महिनाभर ठेवले आणि तीस तारखेला अडचण आली म्हणून चारशे काढले तर व्याज फक्त शंभरावर, चारशे रुपये एकोणतीस दिवस बँकेने फुकट वापरले असा त्याचा सरळ अर्थ. आणि बाबा पगार झाला की पाऊस असो काही असो, दहाच्या आत सायकल मारत शाखेत, आणि पैसे काढायचे असतील तर शक्यतो पुढच्या महिन्याच्या एक ते नऊच्या दरम्यान. दुकानदाराला सांगून ठेवायचे पाच तारखेला देतो म्हणून. हा नियम १ एप्रिल २०१० ला बदलला, तेव्हापासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. बाबा रिटायर झाले, नियम बदलला, तरी त्यांची दहा तारीख काही सुटली नाही. शेवटच्या पासबुकातली शेवटची जमा पण ९ तारखेची आहे.

शाखा तेव्हा बाजारपेठेत एका वाड्यात होती. लाकडी जिना, खाली किराणा दुकान, वर बँक. आत गेलं की उजव्या हाताला लोखंडी जाळीमागे कॅशियर, आणि मध्ये लांबच लांब टेबल, त्याच्यावर लेजरची जाड बाडं. स्लिप दिली की क्लार्क पितळेचं टोकन द्यायचा, त्याच्यावर नंबर कोरलेला, ते टोकन हातात घट्ट धरून बाकावर बसायचं हे माझं काम. मग लेजर काढायचं, सही पडताळायची, नोंद करायची, ऑफिसरकडे जायचं, तिथून कॅशियरकडे, आणि मग नंबर पुकारायचे. साधे पन्नास रुपये काढायला पाऊण तास. पण त्या पाऊण तासात क्लार्कने बाबांना गुरुजी म्हणून हाक मारलेली असायची, शेतात काय लावलं ते विचारलेलं असायचं, आणि शेजारी बसलेल्या एखाद्या माणसाची स्लिप बाबांनी भरून दिलेली असायची. गावातल्या निम्म्या लोकांच्या स्लिपा बाबांनी भरल्या असतील. शाळेत संचयिका पण तेच बघायचे, मुलांनी चार आणे आठ आणे आणायचे, मुलांचेच कॅशियर मुलांचेच क्लार्क, छोटी छोटी पासबुकं, आणि जमा झालेली रक्कम पोस्टात भरायची. माझी पहिली सही मी संचयिकेच्या पासबुकावर केली. अल्पबचत हा शब्द आता सरकारी कागदावरच दिसतो, तेव्हा तो शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असायचा.

ही शाखा आमच्या गावात आलीच मुळी राष्ट्रीयीकरणामुळे. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्या वेळी सगळ्या देशात मिळून आठ हजारांच्या थोड्या वर शाखा होत्या, म्हणजे साधारण ६४-६५ हजार माणसांमागे एक, आणि त्या पण बहुतेक शहरांत आणि व्यापारी पेठांत. त्याच सुमारास आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की भाग ठरवून घेऊन तिथल्या गरजेप्रमाणे बँका न्या, त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली, प्रत्येक जिल्ह्याला एक जबाबदार बँक. पुढे १९७७ पासून तर असा नियम होता की जिथे आधीच बँक आहे तिथे एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. तो १९९० पर्यंत चालला, आणि तोपर्यंत देशात शाखा साठ हजारांच्या आसपास गेल्या होत्या. आपल्याकडे राष्ट्रीयीकरणावर बोलायचं म्हटलं की लोक एकदम राजकारणात शिरतात, कर्जमाफी आणि बुडीत कर्जं काढतात. ते सगळं असेल. पण एका प्राथमिक शिक्षकाला पाच रुपयांवर खातं उघडून मिळालं आणि त्याच्यावर दोन मुलं शिकली, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते फार मोठं वाटतं.

त्याआधी आमच्याकडे काय होतं? पोस्ट, सावकार आणि गाडगं. पोस्टाची बचत बँक खूप जुनी, १ एप्रिल १८८२ ला सुरू झालेली, पुढे देशभर पसरलेली. त्याच्याही आधी मुंबईत सरकारी बचत बँक १८३५ पासून होती पण ती शहरापुरती. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, लालबागला खोलीत दहा-बारा जण राहायचे, आजोबांचं पुस्तक तिथल्या पोस्टात. महिन्याला मनीऑर्डर गावाला आणि उरलेले दोन-चार रुपये पुस्तकात. जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा आजोबांचे धाकटे भाऊ कामाला होते, त्यांचं पुस्तक वर्षभरात रिकामं झालं आणि ते कायमचे गावी आले. आजी मात्र शेवटपर्यंत ना पोस्टात गेली ना बँकेत. तिचे पैसे ज्वारीच्या कणगीत. तिचं म्हणणं, बँक बुडाली तर?

आणि तिची भीती काही खोटी नव्हती हे मला खूप नंतर कळलं. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले, त्यानंतर सरकारने ठेवींचा विमा आणला, १९६२ पासून. सुरुवातीला माणशी फक्त दीड हजारापर्यंत संरक्षण होतं, १९९३ ला ते एक लाख झालं आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हे पाच लाख एका माणसाचे एका बँकेतले सगळे मिळून, बचत खातं, फिक्स, व्याज सगळं धरून, प्रत्येक पावतीला वेगळे नाहीत आणि प्रत्येक शाखेला पण वेगळे नाहीत. सहकारी बँकांना पण हा विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही! आमच्या गावात पिग्मी गोळा करणाऱ्या पतसंस्थांकडे लोक डोळे झाकून पैसे देतात म्हणून मुद्दाम लिहितेय. पिग्मी ही कल्पना मुळात १९२८ ची, सिंडिकेट बँकेची, एजंटने रोज दारात यायचं आणि दोन आणे घेऊन जायचे. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली, नाव गेलं, पण पिग्मी हा शब्द आपल्याकडे घराघरात राहिला.

आता मुद्द्याचं, क्लेमचा अनुभव.

बाबांच्या तीन गोष्टी होत्या या शाखेत, दोन फिक्सच्या पावत्या आणि हे बचत खातं. पावत्यांवर आई नॉमिनी होती. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, क्लेम फॉर्म आणि मूळ पावत्या एवढं दिलं, नवव्या दिवशी पैसे आईच्या खात्यात. याला पूर्ण मार्क. काउंटरवरच्या मॅडमनी आईला खुर्ची आणून दिली, काकू घाई नाही, सावकाश सही करा म्हणाल्या, आणि आईचा हात थरथरत होता म्हणून सही थोडी वेगळी आली तर उगाच नाट न लावता समोर सही केली असा शेरा मारून फॉर्म पुढे पाठवला. मला खरंच भरून आलं तेव्हा.

बचत खात्याला मात्र नॉमिनीच नव्हता! पन्नास वर्षं चाललेलं खातं आणि नॉमिनी नाही, कसं शक्य आहे? तर शक्य आहे. बँक खात्याला नॉमिनी लावायची सोयच १९८५ पासून आली. खातं त्याच्या आधीचं. लेजरमधून कॉम्प्युटरवर गेलं, कोअर बँकिंग आलं, केवायसी तीन वेळा झालं, फोटो नवीन लावला, आधार जोडलं, पण नॉमिनीचा रकाना रिकामा आहे हे एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि बाबांना वाटलं की पावत्यांवर नाव आहे म्हणजे खात्यावर पण असेल. पासबुकाच्या पहिल्या पानावर ते छापलेलं असतं, नॉमिनेशन रजिस्टर्ड की नाही. आता हे वाचताय ना, उठा आणि आईवडिलांचं पासबुक उघडून बघा, पुढचं नंतर वाचा.

नॉमिनी नसला की सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. माझी, दादाची, आईची. दादा नाशिकला, रजा मिळेना. बँकेने आधी सांगितलं की कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस कोण याचा दाखला आणा. खात्यात होते एक लाख बेचाळीस हजार. वकिलाने खर्च आणि वेळ सांगितला तेव्हा आई म्हणाली सोडून दे ते पैसे. सोडून कसे देणार, ते दर महिन्याला दहा तारखेच्या आत भरलेले पैसे आहेत! मग दादाने रिझर्व्ह बँकेचे नियम शोधून काढले. ठरावीक रकमेपर्यंत आणि वारसांत भांडण नसेल तर बँकेने कोर्टाचा कागद न मागता हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं नाहरकत पत्र घेऊन पैसे द्यावेत हे पहिल्यापासून अपेक्षित आहे. ती रक्कम पूर्वी ज्याची त्याची बँक ठरवायची, आता रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी किमान १५ लाखांपर्यंत अशी सोपी पद्धत ठेवा असं सांगितलंय, सहकारी बँकांना ५ लाख. आणि सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा. त्याची प्रिंट घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेब दुसऱ्या राज्यातले, वय तीसच्या आत, टेबलावर दोन फोन सतत वाजतायत, त्यांनी पाच मिनिटं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, मला बघायला पाहिजे होतं." मराठीत म्हणाले, मोडक्या पण मराठीत. मला हे आवडलं. पण आधीच्या पाच फेऱ्या आणि आईचे चाळीस दिवस त्यात गेले होते, आणि सगळ्यांच्या घरात नियम शोधून काढणारा दादा नसतो. जिला वाचता येत नाही ती बाई काय करणार? ती खरंच सोडून देते. दोन वर्षं खात्यात काही व्यवहार नाही झाला की खातं निष्क्रिय, दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. मागता येतात, बुडत नाहीत, उद्गम नावाच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता पण येतं, पण ते शोधायला खातं होतं हे तरी घरात माहीत पाहिजे ना.

हमीपत्राचा नमुना शाखेत नव्हता. म्हणजे होता पण इंग्रजीत, फोटोकॉपीची फोटोकॉपी, अर्धी अक्षरं उडालेली. आईने विचारलं यात काय लिहिलंय, मी वाचून सांगितलं. पैसे भरायच्या आणि काढायच्या स्लिपा मराठीत आहेत, मग आयुष्यात एकदाच लागणारा आणि सगळ्यात अवघड कागद मराठीत का नाही? ही माझी पहिली मोठी तक्रार.

दुसरी तक्रार विमा. फिक्सचे पैसे आईच्या खात्यात आल्यावर ते परत ठेवायला गेलो तर एका तरुण मुलाने टेबलावर माहितीपत्रक पसरलं, आजी यात फिक्सपेक्षा जास्त मिळतील, फक्त पाच वर्षं भरायचे. आई एकाहत्तर वर्षांची. नवरा जाऊन दोन महिने झालेले. ती मान डोलवत होती कारण तिच्या डोक्यात बँक म्हणजे बँक, बँकेतला माणूस चुकीचं कशाला सांगेल. मी शेजारी नसते तर सही झाली असती. त्या मुलाला वरून टार्गेट असणार हे मला कळतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या शाखेत पन्नास वर्षांपूर्वी बाबांना दहा तारखेचा नियम समजावून सांगितला गेला त्याच शाखेत आईला न समजणारी गोष्ट विकली जातेय हे मला सहन झालं नाही, आणि मी ते साहेबांना स्पष्ट बोलले.

पासबुक मशीन. अकरा फेऱ्यांपैकी सहा वेळा बंद. दारातच छान काचेच्या खोलीत ठेवलंय, एसी पण आहे, पण "शाई संपली", "नेट नाही", "बारकोड लावून घ्या". शहरात लोक म्हणतील पासबुक कशाला पाहिजे, ॲपवर दिसतं. आमच्याकडे पासबुक पाहिजेच. शाळेत, तहसीलला, सोसायटीत, कुठेही योजनेचा फॉर्म भरा, पासबुकाची झेरॉक्स लागते. आणि यूपीआयमुळे आता वेगळीच अडचण झालीय. माझ्या पुढे रांगेत एक भाजीवाल्या मावशी होत्या, दिवसाला तीस-चाळीस नोंदी, दहा-वीस रुपयांच्या, पासबुक दीड महिन्यात भरतं. त्या म्हणाल्या मला फक्त एवढं कळू दे की माझे पैसे आले की नाही. त्यांना मॅडमनी मोबाईलवर बघायला शिकवलं, रांग थांबवून शिकवलं, आणि मागचे दोघं कुरकुरले तर मी त्यांना म्हटलं थांबा जरा, हे पण बँकेचंच काम आहे.

गर्दीचं स्वरूप पण बदललंय. पूर्वी भरण्याची रांग लांब आणि काढण्याची छोटी असायची, आता उलट. २०१४ च्या जनधनमध्ये बायकांची खाती उघडली गेली, बरीच वर्षं त्यात शून्यच होतं, मग २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे दीड हजार येणार म्हटल्यावर सगळी गर्दी एकदम. आधार जोडलंय का, केवायसी झालंय का, नावातलं स्पेलिंग जुळतंय का. माझी चुलतजाऊ लेकराला कडेवर घेऊन सकाळी सातपासून पायरीवर बसली होती, वाडीवरून चालत आलेली. बँकेचं काम आता पैसे साठवून घेण्यापेक्षा सरकारकडून आलेले पैसे पोचवण्याचं जास्त झालंय आणि माणसं मात्र तेवढीच, खरं तर कमी. माझ्या लहानपणी या शाखेत चौदा-पंधरा जण होते, आता मी मोजले तर साहेब धरून सहा. खाती कितीतरी पट वाढलेली. हे सहा जण दुपारी डबा खायला पण आळीपाळीने जातात. लोकांनी शिव्या देण्याआधी हे बघावं.

वाड्यांवर बँकमित्र आहेत, २००६ पासून रिझर्व्ह बँकेने ही सोय दिली, दुकानातच अंगठा लावून पैसे काढता येतात. चांगली सोय आहे, आठ किलोमीटरची चाल वाचते. पण खुरपणी करून करून बायकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि मशीन ओळखत नाही, मग चार बोटं लावून बघायची, नाहीच लागलं तर आहेच परत शाखा. म्हणून शाखा लागणारच आहे, कितीही ॲप आली तरी. म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ पासून चालू आहे, बाजाराच्या दिवशी बायकांच्या दारात जाणारी माणसं ठेवली त्यांनी. मोठ्या बँकांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

व्याजाचं पण सांगून टाकते. बचत खात्याचा दर ऑक्टोबर २०११ पर्यंत रिझर्व्ह बँक ठरवायची, सगळीकडे एकच. आता ज्याची त्याची बँक ठरवते. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये सरसकट अडीच टक्के केला, बाकीच्या मोठ्या सरकारी बँका पण त्याच्याच आसपास. पोस्टाच्या बचत खात्यावर मात्र अजून ४ टक्के. आम्ही आईचे अडीअडचणीचे पैसे पोस्टात ठेवले, फिक्सपैकी काही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले आणि पेन्शन इथेच ठेवली. एक बरं झालं, बऱ्याच सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यावरचा किमान शिलकीचा दंड २०२५ मध्ये काढून टाकला, स्टेट बँकेने तर २०२० मध्येच. पाच रुपयांवर खातं चालणाऱ्या देशात दंडाने खाती रिकामी होत होती, ते थांबलं हे फार गरजेचं होतं.

आत्याचं खातं मुंबईला देना बँकेत होतं, १९३८ ची बँक, २०१९ च्या १ एप्रिलला बडोदा बँकेत गेली. आत्या अजून देनात जाते असंच म्हणते. आमच्या शाखेने नाव नाही बदललं पण जागा बदलली, वाडा पडला, आता कॉम्प्लेक्समध्ये आहे. रॅम्प आहे पण दोन पायऱ्या चढून मग रॅम्प सुरू होतो, व्हीलचेअर घेऊन जाणाऱ्याने काय करायचं? हे लिहून दिलंय तक्रारवहीत. सत्तरच्या पुढच्यांना घरी येऊन सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय, पण शाखेत त्याचा कुठे बोर्ड नाही. मी विचारल्यावर हो म्हणाले, मिळेल. मग लावा ना बोर्ड.

एकूण पाचपैकी साडेतीन. नॉमिनी असलेल्या क्लेमला पाच, नॉमिनी नसलेल्याला दोन, माणसांच्या वागण्याला साडेचार, मशीनला एक, विमा गळ्यात मारण्याला शून्य. बचत खात्याचे पैसे शेवटी मिळाले, सगळे कागद दिल्यापासून बाराव्या दिवशी, व्याजासकट.

जायचं असेल त्यांच्यासाठी: बुधवार बाजाराचा दिवस आहे, बिलकुल जाऊ नका. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. क्लेमचं काम असेल तर गुरुवारी सकाळी अकराच्या आत जा, तीन नंबरच्या काउंटरवर विचारा, दाखल्याच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स, आणि स्टॅम्प पेपर आधी घेऊ नका, किती रुपयांचा लागतो ते विचारून मग घ्या, आमचा एक वाया गेला. कागद दिले की पोच मागा, तारखेसकट, पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात. नॉमिनी आता खात्याला चारपर्यंत लावता येतात, नोव्हेंबर २०२५ पासून. नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारसांच्या वतीने पैसे घेणारा, हे पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा म्हणजे नंतर भांडणं होत नाहीत.

आईच्या नवीन पासबुकावर आम्ही दोघांची नावं लावली, माझं आणि दादाचं. मॅडमनी छापून दिल्यावर आईने चष्मा लावून पहिलं पान पूर्ण वाचलं, मग मला विचारलं आज तारीख किती. आठ होती. तिने पिशवीतून दोन हजार काढले आणि भरणा स्लिप मागितली.